गाडी तुमची, वीजही तुमचीच!

जस्ट इमॅजिन! शुक्रवारची संध्याकाळ, ऑफिसला टाटा आणि नागपूरहून निघालेली तुमची कॅम्पर व्हॅन दीड-दोन तासांत सेवाग्रामजवळ. मस्त झाडाखाली पार्किंग, आत फॅन, फ्रिज, लॅपटॉप. फक्त प्रश्न एकच, वीज कुठून आणायची?

उत्तर टपावर आहे. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक डॉ. चेतन सिंग सोलंकी नोव्हेंबर २०२० मध्ये भोपाळहून सोलर बस घेऊन निघाले, तेही २०३० पर्यंत घरी न परतण्याचा संकल्प करून. यात्रेचं नाव 'एनर्जी स्वराज'. बसच्या टपावर ३.२ किलोवॉटची पॅनेल्स, आत ६ युनिट साठवणारी बॅटरी. झोपणं, स्वयंपाक, ऑफिस, सगळं त्यातच!

आणि पॅनेल्स बनवणं म्हणजे रॉकेट सायन्स वाटत असेल, तर वर्धा जिल्ह्यातल्या देवळी तालुक्यात डोकवा. तिथल्या कवठा गावात महिलांनी सहकारी तत्त्वावर सोलर पॅनेलचा कारखाना उभा केला. तांत्रिक साथ आयआयटी मुंबईची.

आधी हिशेब, मग खरेदी

आपण नेमकं उलटं करतो. आधी पॅनेल घेतो, मग रात्री दोनला फॅन बंद पडला की कपाळाला हात! म्हणून कागद-पेन घ्या. २५ वॉटचा फॅन आठ तास म्हणजे २०० वॉट-अवर. ६० वॉटचा लॅपटॉप चार तास, २४०. एलईडी दिवे ५०. छोटा डीसी फ्रिज दिवसाला साधारण ५००. बेरीज जेमतेम १ युनिट. त्याला ४०० वॉटचं पॅनेल आणि १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी पुरते. ढगाळ दिवसांसाठी अशीच आणखी एक असली तर उत्तम.

आणि एसी? १ किलोवॉटने सहा तास चालला की ६ युनिट. म्हणजे सोलंकींच्या अख्ख्या बसची बॅटरी एका रात्रीत फस्त! म्हणूनच त्यांचा मंत्र आहे: आधी टाळा, मग कमी करा, आणि उरेल तेवढीच वीज बनवा.

हे विसरू नका

• वैदर्भीय ऊन पॅनेललाही सोसत नाही. सेलचं तापमान २५ अंशांच्या वर गेलं की दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज घटते. पॅनेल आणि टप यांत हवा खेळायला फट ठेवा.
• चार्ज कंट्रोलर एमपीपीटीच घ्या. थोडा महाग, पण जास्त वीज काढतो.
• बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज हवाच. वायर जाड हवी.
• गाडीत बदल करण्याआधी आरटीओत चौकशी करा.

गांधीजी १९३६ मध्ये सेवाग्रामला राहायला आले, तेव्हा मोजक्या गोष्टींत संसार मांडला. तुमच्या व्हॅनलाही तेच लागू. गरज जितकी छोटी, तितकं स्वातंत्र्य मोठं.

हो, आणि ते झाडाखालचं पार्किंग मात्र विसरा. गाडी उन्हात, तुम्ही सावलीत!