आधी जिवाणू, मग कोळंबी : दहा लिटरांची वनस्पतियुक्त टाकी

टेबलाच्या कोपऱ्यावर मावेल एवढी काचेची टाकी, तीत हिरवे शेवाळ आणि त्या शेवाळावर दिवसभर चरणारी, बोटाच्या पेराएवढी लाल कोळंबी हे दृश्य आता भारतातील अनेक शहरी घरांत दिसू लागले आहे. व्यापारात ‘चेरी श्रिंप’ या नावाने मिळणारी ही कोळंबी म्हणजे निओकॅरिडिना डेव्हिडी. मूळची ती चीन-तैवान भागातील गोड्या पाण्यातली. निसर्गात तिचा रंग मातकट, जवळजवळ पारदर्शक असतो. लाल, पिवळा, निळा हे रंग निवडपद्धतीने केलेल्या पैदाशीतून आले आहेत. तिच्या पुढच्या चिमट्यांच्या टोकांना बारीक केसांचे झुबके असतात. त्यांनी ती पानांवरील जिवाणू व शैवालांचा पातळ थर खरवडून खाते.

माशांपेक्षा हिला जागा कमी लागते, म्हणून ती सोपी असा समज आहे. प्रत्यक्षात पाणी जितके कमी, तितकी चूक पचवण्याची त्याची ताकद कमी. नव्या टाकीतील कोळंबी पहिल्या काही आठवड्यांत मरते तेव्हा त्यामागे बहुधा दोन कारणे असतात : नत्रचक्र बसण्याआधी केलेली घाई आणि नकळत पाण्यात पोहोचलेले कीटकनाशक. ही दोन्ही कारणे कृषिविज्ञानाला जवळची आहेत.

पित्याची टाकी, पुत्राची माती

लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये आपल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष तेथील केमिकल सोसायटीपुढे मांडले. सुमारे बारा गॅलनांच्या पात्रात त्यांनी दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली होती. वनस्पतीची पाने कुजून पाणी बिघडू लागले तेव्हा त्यांनी तळ्यातील गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पाने खाल्ली आणि पाणी निवळले. प्राणी, वनस्पती आणि सफाई करणारा जीव यांचा मेळ बसला तर पाणी न बदलताही टिकते, हे त्यांनी दाखवले.

त्यांचे पुत्र, त्यांचेच नाव धारण करणारे रॉबर्ट वॉरिंग्टन, इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथे कृषिरसायनशास्त्रज्ञ झाले. श्लोझिंग आणि म्युंत्झ या फ्रेंच संशोधकांनी १८७७ मध्ये दाखवले होते की, अमोनियाचे नायट्रेटमध्ये होणारे रूपांतर ही सजीवांची क्रिया आहे. क्लोरोफॉर्मची वाफ दिली की ती थांबते. धाकट्या वॉरिंग्टन यांनी मातीवर पुढील काम केले आणि ही क्रिया दोन टप्प्यांत, दोन वेगळ्या जिवाणूंकडून होते असे सिद्ध केले. ते जिवाणू वेगळे करण्याचे श्रेय मात्र १८९० च्या सुमारास सेर्गेई विनोग्राद्स्की यांना मिळाले. पुढे २०१५ मध्ये दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडणारे नायट्रोस्पायरा जिवाणूही सापडले. त्यांपैकी काही मत्स्यसंवर्धनाच्या पाण्याच्या गाळणीतून मिळाले.

पित्याच्या पात्रात जे न दिसता घडत होते, त्याचे उत्तर पुत्राच्या मातीत होते. आजची छोटी टाकीही याच उत्तरावर उभी राहते.

मांडणी

३० × २० × २० सेंटिमीटर मापाच्या टाकीचे घनफळ १२ लिटर भरते. तळाशी ३ सेंटिमीटर वाळू आणि वर ३ सेंटिमीटर मोकळी जागा सोडली, तर प्रत्यक्ष पाणी सुमारे ८.४ लिटरच उरते. पुढील सर्व हिशेब याच आकड्यावर करावेत, टाकीच्या छापील क्षमतेवर नव्हे.

वाळू धुऊन घ्यावी. गाळणीसाठी हवेच्या पंपावर चालणारा स्पंज फिल्टर पुरेसा आहे. त्यात पिल्ले ओढली जात नाहीत आणि स्पंजच्या छिद्रांत जिवाणूंना भरपूर पृष्ठभाग मिळतो. वनस्पतींमध्ये जावा मॉस, व्हॅलिस्नेरिया आणि हायड्रिला या काटक आहेत. त्यांना वेगळा कार्बन डायऑक्साइड पुरवावा लागत नाही. दिवसाला सहा ते आठ तास मंद प्रकाश पुरे. देशी बदामाची एक-दोन वाळलेली पाने तळाशी ठेवावीत. कुजताना त्यांवर वाढणारे सूक्ष्मजीव हे पिल्लांचे पहिले अन्न असते.

तळ्यातून आणलेल्या वनस्पतींबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. टाचण्यांच्या जातीच्या चतुर-माद्या आपली अंडी पाणवनस्पतींच्या ऊतींत खुपसतात. वरून धुतल्याने ती निघत नाहीत. काही आठवड्यांनी त्यांतून शिकारी अप्सरा निघतात आणि कोळंबीची पिल्ले एकेक करून नाहीशी होतात. नव्या वनस्पती वेगळ्या बादलीत तीन-चार आठवडे ठेवून, त्यांतून काही निघते का हे पाहूनच टाकीत लावाव्यात.

सहा आठवड्यांची प्रतीक्षा

प्राण्यांचे उत्सर्जन आणि उरलेले अन्न यांतून अमोनिया तयार होतो. पाण्यात तो दोन रूपांत असतो : तुलनेने निरुपद्रवी अमोनियम आणि विषारी मुक्त अमोनिया. त्यांचे प्रमाण सामूवर अवलंबून असते. २५ अंश सेल्सिअसला सामू ७ असेल तर एकूण अमोनियाचा अर्धा टक्का एवढाच भाग मुक्त असतो. सामू ८ झाला की तो पाच टक्क्यांवर जातो. म्हणजे एकच चाचणी-आकडा एका घरी सुरक्षित आणि दुसऱ्या घरी घातक ठरू शकतो.

म्हणून कोळंबी आणण्याआधी जिवाणूंना अन्न द्यावे. त्यासाठी शुद्ध अमोनियम क्लोराइड, म्हणजेच नवसागर, वापरता येतो. मात्र तो प्रयोगशाळेच्या प्रतीचा असावा, डाग देण्याच्या कामाचा बाजारी नवसागर नको. ५ ग्रॅम नवसागर ५०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून ठेवावा. या द्रावणाचे ५ मिलिलिटर टाकीत घातले की ८.४ लिटर पाण्यात अमोनिया लिटरला सुमारे २ मिलिग्रॅम होतो.

त्यानंतर दर दोन-तीन दिवसांनी पाणी तपासावे. आधी अमोनिया उतरू लागतो आणि नायट्राइट चढते. मग नायट्राइट उतरते आणि नायट्रेट साठू लागते. अमोनिया शून्यावर आला की पुन्हा तेवढीच मात्रा द्यावी. दिलेली मात्रा २४ तासांत संपून अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य दिसू लागली, म्हणजे टाकी तयार झाली. यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. ओळखीच्या निरोगी टाकीतील स्पंज पिळून त्याचे गढूळ पाणी घातल्यास हा काळ कमी होतो. शेवटी निम्म्याहून अधिक पाणी बदलून नायट्रेट लिटरला २० मिलिग्रॅमच्या आत आणावे.

पाण्याची जात

देशात पाणी सर्वत्र सारखे नाही. दख्खनच्या पठारावरील किंवा दिल्ली परिसरातील विंधन विहिरींचे पाणी बहुधा जड असते. कोकण-केरळच्या जांभ्या मातीतून येणारे पाणी बहुधा हलके व किंचित आम्ल. या कोळंबीला सामू ६.८ ते ७.८ आणि एकूण जडपणा, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने, लिटरला सुमारे ११० ते १८० मिलिग्रॅम मानवतो. आरओ यंत्राचे पाणी स्वच्छ असले तरी त्यात कवचासाठी लागणारे क्षार जवळजवळ नसतात. ते एकटे वापरू नये. नळाच्या पाण्यातील क्लोरीन चोवीस तास उघडे ठेवल्याने उडून जातो. क्लोरामाइन मात्र जात नाही, त्यासाठी सोडियम थायोसल्फेट किंवा तयार क्लोरीननाशक लागते. क्लोरामाइन फुटल्यावर सुटणारा अमोनिया पचवण्यासही जिवाणू बसलेले असावे लागतात.

बाष्पीभवनाने पाणी जाते, क्षार मागे राहतात. ८.४ लिटरांपैकी एक लिटर उडाले तर उरलेल्या पाण्याचा जडपणा सुमारे साडेतेरा टक्क्यांनी वाढतो. ही तूट नळाच्या जड पाण्याने भरत राहिल्यास आकडा महिनोन्‌महिने चढतच जातो. म्हणून भर घालताना आरओचे किंवा स्वच्छ पावसाचे पाणी घ्यावे आणि आठवड्याला दहा टक्के पाणी बदलताना मात्र योग्य जडपणाचे.

कात टाकणारा प्राणी

सुरुवातीस दहा कोळंब्या पुरेत. आणलेल्या पिशवीतील पाण्यात टाकीचे पाणी बारीक नळीने थेंब थेंब, तास-दोन तास सोडत राहावे. जडपणातील एकाएकी बदल त्यांना सोसत नाही. खाद्य दोन-तीन दिवसांतून एकदा आणि दोन तासांत संपेल एवढेच द्यावे.

वाढीसाठी कोळंबी कात टाकते. रिकामे पारदर्शक कवच पाहून प्राणी मेला असे वाटते आणि ते काढून टाकले जाते. ते तसेच राहू द्यावे; कोळंबी ते खाऊन क्षार परत मिळवते. डोके-छातीचे कवच आणि उदर यांच्यामध्ये पूर्ण पांढरे कडे दिसले, तर कात अडकल्याची ती खूण असते. क्षारांची कमतरता किंवा पाण्यातील अचानक बदल हे त्याचे नेहमीचे कारण. कात टाकल्यावर लगेच प्रौढ मादीचे मीलन होते. त्यानंतर ती वीस-तीस अंडी उदराखालील पायांत धरून सुमारे तीन आठवडे वारा घालत राहते. अंड्यांतून थेट छोटी कोळंबीच निघते. खाऱ्या पाण्यातील डिंभावस्था नसते. म्हणूनच ही जात छोट्या टाकीत वाढते.

कीटकांचा नातलग

रेणवीय वंशावळीच्या अभ्यासातून आता स्पष्ट झाले आहे की, कीटक हे कवचधारी प्राण्यांच्याच वंशातून उगवलेली शाखा आहेत. कात टाकण्यास उद्युक्त करणारे २०-हायड्रॉक्सीएक्डायसोन हे संप्रेरक दोघांत सामाईक आहे. मज्जातंतूंतील सोडियम मार्गिका दोघांत सारख्या आहेत. त्यामुळे कीटकाला मारण्यासाठी शोधलेले रसायन कोळंबीला वेगळे ओळखत नाही.

पायरेथ्रॉइड गटातील रसायने सस्तन प्राण्यांना तुलनेने सौम्य, परंतु कवचधारींना अत्यंत विषारी आहेत. डासांसाठी भिंतीच्या प्लगमध्ये लावल्या जाणाऱ्या द्रवात बहुधा ट्रान्सफ्लुथ्रिन असते. हवेचा पंप खोलीतील हीच हवा ओढून पाण्यात बुडबुड्यांनी सोडतो, हे सहसा ध्यानात येत नाही. टाकीच्या खोलीत अशी यंत्रे, अगरबत्त्या वा फवारे वापरू नयेत. घरात वाळवी-झुरळांसाठी फवारणी होणार असेल तर टाकी आधीच दुसरीकडे हलवावी. कुत्र्याला गोचिडांसाठी फिप्रोनिलचे थेंब लावलेला हात पाण्यात घालू नये.

खाद्य म्हणून उकडलेला पालक दिला जातो. निओनिकोटिनॉइडसारखी आंतरप्रवाही कीटकनाशके पानाच्या आत असतात. धुण्याने ती निघत नाहीत. पालक द्यायचाच तर कुंडीतील, न फवारलेला द्यावा. येथे विषशास्त्रातील एक धडाही आहे. पाण्यातील विषारीपणा तपासण्यासाठी डॅफ्निया हा कवचधारी जीव प्रमाण मानला जातो. पण इमिडाक्लोप्रिडला तो इतर अनेक जलचर संधिपादांच्या मानाने फारशी दाद देत नाही. एका जातीवरील चाचणी उत्तीर्ण झाली म्हणून रसायन सर्व जलचरांना सुरक्षित ठरत नाही. शेताच्या बांधालगतच्या ओढ्यालाही हेच लागू आहे.

डास आणि उन्हाळा

मासे नसलेल्या स्थिर पाण्यात डास अंडी घालतात आणि कोळंबी अळ्या खाऊन संपवील यावर विसंबता येत नाही. बारीक जाळीचे झाकण आणि बुडबुड्यांनी हलते राहणारे पाणी हा पहिला उपाय. तरीही अळ्या दिसल्यास बॅसिलस थुरिंजिएन्सिसचा इस्रायलेन्सिस हा प्रकार वापरावा. त्याचे विष डास व त्यांच्या जवळच्या माश्यांच्या अळ्यांच्या आतड्यातच काम करते. डायफ्लुबेन्झुरॉनसारखी कायटिन-निर्मिती रोखणारी अळीनाशके मात्र कटाक्षाने टाळावीत. ती कोळंबीचीही कात बिघडवतात.

पाण्याचे तापमान २० ते २६ अंश असावे. २० अंशांना पाण्यात लिटरला सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना ७.६ एवढाच. उन्हाळ्यात पृष्ठभागावर छोटा पंखा सोडल्यास बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंशांनी उतरते. अर्थात तूट भरण्याचे काम तेवढेच वाढते.

टाकीतले टाकीतच

कोळंबी वाढून जड झाली म्हणून ओढ्यात सोडू नये. जर्मनीत गरम सांडपाण्याने उबदार राहिलेल्या एर्फ्ट नदीच्या खोऱ्यात ही विदेशी कोळंबी रुजली आहे. आपल्याकडील पाणी तर वर्षभर उबदार. सह्याद्रीच्या ओढ्यांत कॅरिडिना वंशाच्या देशी कोळंब्या राहतात आणि त्यांची जागा मर्यादित आहे. वनस्पतींबाबत केरळचा अनुभव बोलका आहे. साल्विनिया मोलेस्टा या दक्षिण अमेरिकी तरंगत्या नेच्याने तेथील कालवे आणि भातखाचरे व्यापली होती. १९८० च्या दशकात सिर्टोबॅगस साल्विनी हा भुंगा आणून सोडल्यावर ती आटोक्यात आली. प्रत्येक तणाला असा भुंगा मिळतोच असे नाही.

छाटलेल्या वनस्पती उन्हात पूर्ण वाळवून खतात घालाव्यात. बदललेले पाणी गटारात न ओतता, बारीक जाळीतून गाळून, कुंडीतील झाडांना द्यावे. त्यातील नायट्रेट हे जिवाणूंनी तयार केलेले खतच आहे.