थंडीत मुलांना कोंडू नका

दिवाळी आटोपली, पेटीतले स्वेटर आणि रजया उन्हात पडल्या, की घरोघर एकच ताकीद सुरू होते. “बाहेर जाऊ नकोस रे, थंडी बाधेल!” मग मूल खिडक्या लावलेल्या खोलीत, पांघरुणात पाय घालून मोबाईल बघत बसते. आईलाही वाटते, चला, पोर घरात आहे, काळजी नाही.

पण मैत्रिणींनो, आपल्या सिल्लोडच्या हवेचा जरा हिशेब मांडून पाहा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल चप्पल सोडत नाही. मुलांनी मनसोक्त हिंडावे असे दिवस उरतात ते कार्तिकापासून माघापर्यंतचेच. नेमके तेच दार लावून घालवले, तर मुलांनी बाहेर जायचे तरी कधी?

राहता राहिली सर्दीची भीती. सर्दी-पडसे होते ते विषाणूंमुळे, आणि ते बंद खोलीत, एकमेकांच्या श्वासातून अधिक पसरतात. उलट मोकळ्या उजेडाचा मोठा फायदा डोळ्यांना होतो. जी मुले दिवसाउजेडी बाहेर खेळतात, त्यांना लांबचे अंधुक दिसण्याचा, म्हणजे लघुदृष्टीचा दोष कमी होतो, असे आढळले आहे. तैवानात तर २०१० पासून शाळांनीच मुलांना रोज दोन तास उघड्यावर नेण्याचा कार्यक्रम हाती घेतला. चष्मा लागल्यावर खर्च करण्यापेक्षा हे सोपे, नाही का?

शेतात काय पाहाल?

गावाबाहेर थोडे चालले की शेते लागतात. ओळखीच्या शेतकऱ्याला विचारून रविवारी मुलांना बांधावर न्या. कपाशीला उशिराची फुले असतील, तर एका फुलाशेजारी दोरा बांधून ठेवायला सांगा. पहिल्या दिवशी पिवळसर असलेले फूल दुसऱ्या दिवशी गुलाबी झालेले दिसेल. पुस्तकातला धडा विसरेल, पण हे मूल विसरणार नाही.

हरभऱ्याच्या पानांना बोट लावून बघा म्हणावे. त्यावरच्या बारीक लवेतून आंबट रस पाझरतो. पूर्वी बायका रात्री शेतावर फडके पसरून दवाबरोबर ही आंब गोळा करीत आणि पोटदुखीवर औषध म्हणून ठेवीत. सासूबाईंना विचारा, त्यांना नक्की ठाऊक असेल! मात्र हल्ली फवारणी फार होते, तेव्हा विचारल्याशिवाय आणि धुतल्याशिवाय पाला तोंडात घालू देऊ नका.

हुरडा तर आपल्याकडचा थंडीचा सणच. ज्वारीचे दाणे दुधाळ-कोवळे असतानाच कणीस का भाजायचे, आगटीला गोवऱ्याच का लावायच्या, हे मुलांनाच विचारू द्या. भाकरी कुठून येते ते तिथे आपोआप कळते.

वर पाहा, वर!

संध्याकाळी साडेसात-आठला गच्चीवर जा. डिसेंबरात पूर्वेला मृग नक्षत्र दिसते. मधले तीन तारे म्हणजे बाण, आणि त्याच रेषेत खाली लखलखणारा तो व्याध. कृत्तिकांचा पुंजका दाखवून किती तारे मोजता येतात याची भावंडांत पैज लावा. मार्गशीर्षाची पौर्णिमा या मृगाच्या आसपास येते, म्हणून महिन्याला हे नाव, मृगशीर्षावरून मार्गशीर्ष.

दिवसा अंगणात किंवा पाण्याकाठी शेपटी वरखाली हलवत तुरुतुरु चालणारा धोबी पक्षी दिसला, तर सांगा की यातले काही पाहुणे पार हिमालयाकडून आलेत. सुट्टीत पैठणला जाणे झालेच, तर नाथसागरावर हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब हंसही दिसतात. आणि अजिंठ्याची लेणी तर आपल्यापासून ४० किलोमीटरच्या आसपास. पाहुणे आले की आपण चित्रे दाखवतो. यंदा मुलांना वाघूर नदीने कापलेली ती नालाच्या आकाराची दरीही दाखवा. सोमवारी लेणी बंद असतात, तेवढे लक्षात ठेवा.

कपडे आणि काळजी

एकच जाडजूड स्वेटर घालण्यापेक्षा आत सुती बनियन, वर सदरा, त्यावर स्वेटर असे थर घाला. खेळून अंग तापले की वरचा थर काढता येतो. घामाने भिजलेला बनियन घरी येताच बदला, कारण ओल्या कपड्यानेच हुडहुडी भरते. कान झाका. ओठांना, टाचांना खोबरेल लावा. पाणी प्यायला आठवण करा; थंडीत मुले ते विसरतात.

लहानग्यांना सूर्य वर आल्यावर, आठनंतरच बाहेर काढा. दमेकरी मुलाला डॉक्टरांच्या सल्ल्यानेच, नाकावर रुमाल बांधून न्या, आणि शेकोटीच्या धुरापासून दूर बसवा. नायलॉनचे स्वेटर घालून कुणालाच शेकोटीजवळ जाऊ देऊ नका. ते चटकन पेट घेते आणि अंगाला चिकटते.

हे सारे काही नवे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नव्हती, तेव्हा त्यांनी शाळाच कुरणावर नेली. कुरणशाळा! पाने, बिया, खडे हीच तिथली साधने. आपल्याला तर शाळा उचलून न्यायची नाही, फक्त मुलांना न्यायचे आहे.

आणि एक सांगते. मुलगा निदान गल्लीत क्रिकेट तरी खेळून येतो. मुलीला मात्र ‘जरा भाजी निवड’, ‘जरा बाळाला धर’ म्हणून आपणच थांबवतो. थंडीच्या या मोजक्या रविवारी तिलाही दोन तास मोकळे करा. “पण मला वेळ कुठाय?” असे तुम्ही म्हणालच. सकाळचे डबे, धुणे, पाणी भरणे कुणाला चुकले आहे? पण एका रविवारी भाजी-भाकरी बांधून बांधावरच जेवलात, तर दुपारची भांडीही वाचतील, आणि मुलांबरोबर तुमच्याही पाठीला कोवळे ऊन मिळेल.