सँडबॉक्स गेमला लढाई हवीच का? बोहाडा बघा!

जव्हार-मोखाड्याच्या बोहाडा या मुखवट्यांच्या उत्सवात रात्रभर सोंगं नाचतात. आधी गणपती, सरस्वती, मग एकामागून एक देव-दानव. जड मुखवटा बांधलेलं सोंग संबळ-सनईच्या तालावर पुढे-मागे पावलं टाकत येतं. बहुतेक सोंगांना काही जिंकायचं नसतं, तरी लोक खिळून बसतात. पण अखेरीस जगदंबा महिषासुराला मारते आणि आधीच्या सगळ्या नाचाला दिशा मिळते.

सँडबॉक्स गेममध्ये, म्हणजे हवं ते करत राहता येणाऱ्या गेममध्येही, असा मोकळेपणा आणि असं ध्येय दोन्ही लागतं. २०११ साली आलेल्या टेरारियात 'वॉल ऑफ फ्लेश' या बॉसला हरवलं की हार्डमोड सुरू होतो: नवे शत्रू, नवे धातू. एका लढाईने अख्खं जग बदलतं. माइनक्राफ्टमध्ये एंडर ड्रॅगन आहे, पण त्याला न मारताही हवं ते बांधत राहता येतं. 'पीसफुल' ही पातळी निवडली तर रात्री झॉम्बीसुद्धा येत नाहीत.

माझं ठाम मत: ध्येय असावं, सक्ती नसावी. लढाई ठेवायचीच, तर तिने गेमच्या जगात काहीतरी बदललं पाहिजे. नुसती बटणं दाबायला लावणारी मारामारी नसलेलीच बरी.

तुम्ही कसे खेळता? बांधता की लढता? कमेंटमध्ये नक्की सांगा.