पांढरा चौकोन कुठून आला?

घाटंजीसारख्या तालुक्याच्या गावी वाढदिवसाचा किंवा गणेश मंडळाचा फ्लेक्स करायचा, की मंडळाचं बोधचिन्ह बहुधा व्हॉट्सॲपवरूनच दुकानात पोहोचतं. फ्लेक्स लागतो आणि भगव्या पार्श्वभूमीवर बोधचिन्हाभोवती पांढरा चौकोन उमटलेला दिसतो. बोल लागतो छापणाऱ्याला. मशीनचा त्यात काही दोष नसतो.

जेपीईजी फाइलमध्ये पारदर्शकतेची नोंद ठेवायची सोयच नाही. मोकळी जागा कुठल्या तरी रंगाने भरावी लागते, बहुतेक वेळा पांढऱ्या. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेली पीएनजीही वाटेत जेपीईजी होते. डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर जशीच्या तशी पोहोचते.

मग पीएनजी असली की झालं? नाही. साधी पीएनजी पारदर्शकतेच्या २५६ पायऱ्या ठेवते, त्यामुळे सावलीची विरळ कडसुद्धा टिकते. पण चित्र शेवटी ठिपक्यांचंच. हजार ठिपके रुंदीचं बोधचिन्ह दहा फुटांवर ताणलं, तर इंचाला जेमतेम आठ ठिपके येतात. व्हेक्टरमध्ये ठिपके नसून रेषा-वक्रांचं गणित असतं, म्हणून ते बिल्ल्यावर आणि कमानीवर सारखंच रेखीव दिसतं.

इथे एक हट्टी गैरसमज आडवा येतो: फाइलच्या नावाशेवटी एसव्हीजी किंवा पीडीएफ आलं, की आतलं सगळं व्हेक्टर. कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये जेपीईजी टाकून पीडीएफ काढली, तर आत जेपीईजीच राहते. खात्री करायची तर फाइल कित्येक पट मोठी करून कडा बघावी; पायऱ्या दिसल्या की आत ठिपकेच आहेत असं समजावं.

पीडीएफवरचा आणखी एक आक्षेप, ‘ती पारदर्शकता खाते’, अर्धाच खरा. पीडीएफ १.३ मध्ये ती सोय नव्हती. २००१ साली आलेल्या १.४ मध्ये आली. छपाईसाठीचा पीडीएफ एक्स-१ए हा प्रकार मात्र पारदर्शकता चालवून घेत नाही. तिथे एकावर एक आलेले थर सपाट केले जातात आणि काही आकार व्हेक्टर राहतात, काहींचे ठिपके होतात. अशा फाइलमध्ये पडद्यावर कधी बारीक पांढऱ्या रेघा दिसतात. त्या बहुतेकदा दाखवण्याच्या पद्धतीतून येतात, छपाईत उतरत नाहीत. पीडीएफ एक्स-४ मध्ये थर जिवंत राहतात, म्हणून छापखान्यात ती चालत असेल तर तीच मागावी.

मराठी अक्षरांची गोष्ट वेगळी. दुसऱ्या संगणकावर तो फॉन्ट नसेल तर शब्दांचा चुराडा होतो, म्हणून डिझायनर मजकूर ‘कर्व्ह’ करून देतात. कर्व्ह केलं म्हणजे अक्षरांचा फोटो झाला, असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. अक्षरं व्हेक्टरच राहतात, फक्त टाइप करून दुरुस्त करता येत नाहीत. त्यासाठी कर्व्ह न केलेली मूळ सीडीआर (कोरलड्रॉची फाइल) वेगळी ठेवलेली बरी. निमंत्रकांच्या यादीतलं एखादं नाव शेवटच्या घटकेला बदलतंच.