दंड भरावा की दाद मागावी?

भिलाईच्या पोलाद कारखान्याची पाळी बदलू लागली, की सेक्टरांमधील रुंद रस्ते काही काळ वाहनांनी भरून जातात. सोव्हिएत साहाय्याने उभारलेल्या या कारखान्याची पहिली झोतभट्टी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झाली. त्या काळी या रस्त्यांवर सायकलींची रीघ असे; आज तेथे स्कूटरी आणि मोटारी धावतात. अशा गर्दीत एखादी मोटार दुसरीला घासते. दिवा फुटतो, दाराला पोचा पडतो. सुदैवाने कोणाला इजा होत नाही. दोन्ही चालक खाली उतरतात, आवाज चढतात, वाहतूक पोलीस येतो आणि दोघांपैकी एकाच्या हाती चलान पडते. घरी परतताना त्या चालकाच्या मनात एकच प्रश्न घोळत असतो : रक्कम भरून मोकळे व्हावे, की न्यायालयात जाऊन दाद मागावी?

या प्रश्नाची दोन उत्तरे लोकांच्या तोंडी अगदी तयार असतात. ‘दोनचारशे रुपयांसाठी कोर्टाची पायरी कोण चढतो?’ हे पहिले. ‘चूक त्याची आणि दंड मला? मी एक पैसाही भरणार नाही,’ हे दुसरे. पहिल्या उत्तरात माणूस केवळ रकमेकडे पाहतो, दुसऱ्यात केवळ स्वतःच्या मानाकडे. हातातला कागद मात्र दोघांनीही नीट वाचलेला नसतो. आणि खरे उत्तर त्या कागदावरच सुरू होते.

चलान हा निकाल नव्हे. तो आरोप आहे. कोणता आरोप, हे त्यावरील कलमाच्या आकड्यावरून कळते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील १७७ वे कलम हे सर्वसाधारण उल्लंघनाचे कलम आहे. ज्या चुकीला कायद्यात वेगळी शिक्षा सांगितलेली नाही, तिला पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत दंड होतो आणि पुन्हा घडल्यास १५०० रुपयांपर्यंत. १८४ वे कलम धोकादायक रीतीने वाहन चालविण्याचे. त्यात पहिल्याच गुन्ह्याला १००० ते ५००० रुपये दंड, किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. तांबडा दिवा ओलांडणे, उलट दिशेने वाहन हाकणे, नियम मोडून पुढे जाणे, या गोष्टी २०१९ च्या दुरुस्तीने या कलमात स्पष्टपणे नमूद झाल्या. धक्का एकच असला, तरी तो कोणत्या कलमाखाली लिहिला गेला यावर पुढचे सारे अवलंबून असते.

पहिल्या प्रकारच्या आरोपात बहुधा तडजोडीची सोय असते. कायद्याच्या २०० व्या कलमाप्रमाणे राज्य सरकार काही गुन्ह्यांसाठी तडजोड शुल्क ठरवून देते. ते भरले, की त्या गुन्ह्यापुरती कारवाई थांबते. येथे एक बारीक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. तडजोड झालेला गुन्हाही आता ‘पूर्वी घडलेला गुन्हा’ म्हणून मोजला जातो. तीच चूक पुन्हा घडली, तर चालक दुसऱ्यांदा गुन्हा करणारा ठरतो. म्हणजे पैसे भरले की पाटी कोरी झाली, हा समज आज खरा नाही.

१८४ व्या कलमाची गोष्ट याहून गंभीर आहे. वाहन चालविताना हातात दूरध्वनी धरण्याचा प्रकार वगळता, या कलमाखालील गुन्ह्यात तडजोडीची तरतूद नाही. प्रकरण न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जावयाचे. शिवाय अशा आरोपात पोलीस अधिकाऱ्यास चालकाचा परवाना ताब्यात घेऊन परवाना अधिकाऱ्याकडे पाठविता येतो. तो अधिकारी चालकाचे म्हणणे ऐकून घेतो आणि कारणे नोंदवून पहिल्या गुन्ह्याबद्दल तीन महिने वाहन चालविण्यास अपात्र ठरवू शकतो. ज्याचे पोट टॅक्सीवर वा मालमोटारीवर चालते, त्याच्या घरी तीन महिन्यांची ही बंदी म्हणजे तीन महिन्यांची चूल. दंडाचा आकडा लहान दिसला, तरी त्यामागे उभी असलेली ही गोष्ट लहान नाही.

कागद वाचून झाल्यावर दुसरा प्रश्न येतो : प्रत्यक्षात घडले काय? येथे चालकाने स्वतःचा वकील न होता स्वतःचा न्यायाधीश व्हावयास हवे. पुढचे वाहन एकाएकी थांबले आणि मागचे त्यावर आदळले, तर मागच्या चालकाला राग येतो खरा. परंतु पुढच्या वाहनापासून सुरक्षित अंतर राखणे हे मागच्याचेच कर्तव्य आहे, आणि ‘त्याने अचानक ब्रेक लावला’ एवढ्याने ते कर्तव्य संपत नाही. अशा वेळी दंड भरणे हाच शहाणपणा. याउलट, सेंट्रल ॲव्हेन्यूवरील एखाद्या वर्तुळाकार चौकात एक मोटार आधीपासून वळसा घेत आहे आणि बाजूच्या रस्त्याने दुसरी भरधाव आत शिरते, असे समजा. वाहन चालविण्यासंबंधीच्या २०१७ च्या विनियमांनुसार वर्तुळात आधीपासून असलेल्या वाहनाला अग्रक्रम आहे. अशा वेळी चलान जर पहिल्याच्या हाती पडले असेल, तर त्याच्याजवळ केवळ राग नाही, नियमही आहे.

परंतु नियम बाजूने असणे वेगळे आणि तो न्यायालयात दाखविता येणे वेगळे. फौजदारी खटल्यात गुन्हा सिद्ध करण्याचे ओझे फिर्यादी पक्षावर असते हे खरे. तरीही रिकाम्या हाताने उभ्या राहिलेल्या माणसाचे म्हणणे फिकेच पडते. म्हणून वाहने हलविण्यापूर्वी त्यांची छायाचित्रे घ्यावीत. काचेचे तुकडे कोठे पडले, पोचा कोणत्या बाजूला आहे, चाकांच्या खुणा कोठून कोठे गेल्या, हे त्यांत दिसावे. पाहणाऱ्या एकदोघांची नावे व पत्ते लिहून ठेवावेत. चौकातील अथवा जवळच्या दुकानातील कॅमेऱ्याचे चित्रण काही दिवसांनी पुसले जाते. ते जपून ठेवण्याची विनंती त्याच आठवड्यात, लेखी करावी. चलान कॅमेऱ्यावरून निघाले असेल, तर त्याची सूचना पंधरा दिवसांच्या आत मिळावी आणि प्रकरण निकाली निघेपर्यंत तो पुरावा जतन व्हावा, असा नियम २०२१ मध्ये झाला आहे.

धोकादायक वाहन चालविण्याच्या आरोपाबाबत कायद्याने आणखी एक संरक्षण दिले आहे. २०९ व्या कलमाप्रमाणे, खटल्याचा विचार होईल अशी ताकीद घटनेच्या वेळीच दिली गेली पाहिजे, किंवा चौदा दिवसांत सूचना धाडली गेली पाहिजे, किंवा अठ्ठावीस दिवसांत समन्स बजावले गेले पाहिजे. तिन्हींपैकी एकही झाले नसेल, तर सामान्यतः दोषी ठरविता येत नाही. मात्र चालकाने स्वतःच नावपत्ता दडविला असेल, तर या सवलतीचा आधार त्याला मिळत नाही. तारखांना महत्त्व आहे ते यासाठी.

तिसरा प्रश्न असा, की या चलानाला आणखी काय काय जोडलेले आहे? पुष्कळांना वाटते, की ज्याला चलान मिळाले त्याचीच चूक ठरली आणि त्यानेच समोरच्याची मोटार दुरुस्त करून द्यावयाची. तसे नाही. नुकसानभरपाईचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे वेगळा चालतो आणि तेथे हयगय कोणाची याचा निर्णय स्वतंत्र पुराव्यावर होतो. तथापि न्यायालयात गुन्हा कबूल केल्याची नोंद तेथे पुढे आणली जाऊ शकते. ती अंतिम नसली तरी अडचणीची ठरते. शिवाय कबुलीवरून दोषी ठरलेल्या माणसाला अपिलात शिक्षेच्या प्रमाणाबद्दल वा वैधतेबद्दलच बोलता येते, दोषाबद्दल नाही. समोरच्याचे नुकसान मोठे असेल, किंवा कोणाला थोडीही इजा झाली असेल, तर वकिलाला विचारल्याखेरीज कबुली देऊ नये. आणि इजा झाली असल्यास जखमीला रुग्णालयात नेणे व चोवीस तासांच्या आत पोलिसांना खबर देणे हे चालकाचे कर्तव्य आहे. ते चलानाच्या वादापूर्वी येते.

राहिला प्रश्न वेळेचा व खर्चाचा. भिलाई दुर्ग जिल्ह्यात आहे आणि जिल्हा न्यायालय दुर्ग शहरात. पाळीवर काम करणाऱ्याला प्रत्येक तारखेस रजा घेणे परवडत नाही. त्यासाठीच, अशा किरकोळ खटल्यांत सामान्यतः वकिलामार्फत हजर राहण्याची मुभा २०८ व्या कलमाने दिली आहे. वकिलाच्या फीची धास्ती असेल, तर १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा आठवावा. स्त्रिया, अनुसूचित जाती व जमातींतील व्यक्ती यांच्याप्रमाणेच ‘औद्योगिक कामगार’ हाही त्या कायद्याने विनामूल्य विधी साहाय्यास पात्र मानला आहे. पोलादनगरीत हे कलम फार थोड्यांना ठाऊक असते. लोकअदालतीचा मार्गही खुला आहे. मात्र तेथील निवाड्यावर अपील नाही, हे जाणूनच तेथे जावे.

अशा रीतीने विचार केला, की निवड पुष्कळ सोपी होते. आरोप साधा आहे आणि चूक खरीच घडली आहे, तर मुदतीत शुल्क भरावे, पावती जपावी आणि पुढच्या वाहनापासून थोडे अधिक अंतर ठेवावे. आरोप गंभीर आहे, तो घडलेल्या गोष्टीशी जुळत नाही आणि ते दाखविण्याजोगे काही हाती आहे, तर रक्कम कितीही लहान असो, दाद मागावी. चूक नसतानाही पुरावा काहीच नाही आणि आरोप किरकोळ आहे, तेथे मात्र मनाला लागलेली बोच किती दिवसांच्या रजेची आहे, हे ज्याचे त्याने ठरवावे. भरणाऱ्याला कोणी भित्रा म्हणू नये. काहीच न करता चलान खणात टाकून ठेवणे, हा एकच मार्ग सर्वस्वी चुकीचा. केलेल्या चुकीचे मोल देण्यात कमीपणा नाही, आणि न केलेल्या चुकीखाली सही न करण्यात उद्धटपणा नाही. फुटलेला दिवा चार दिवसांत बदलता येतो. कागदावर लागलेला दोष मात्र दीर्घकाळ सोबत राहतो.