धारूरचा किल्ला खालून का पाहावा?

डोंगरातले दुर्गम अवशेष म्हटलं की हल्ली आपल्या डोळ्यांपुढं पेरू देश येतो. इंका लोकांनी बांधलेलं माचू पिक्चू, तिथं जाणारी दगडी पायवाट. आज आपण तिथूनच सुरुवात करू, पण मुक्कामाला येऊ बीड जिल्ह्यातल्या धारूरच्या किल्ल्यावर.

माचू पिक्चूच्या पायथ्यापर्यंत रेल्वे जाते, वर बस जाते. तरी लोक चार दिवस, सुमारे ४३ किलोमीटर चालतात. वाटेतली सर्वांत उंच खिंड ४,२०० मीटरच्याही वर आहे. एवढी दमछाक कशासाठी? कारण पायी गेलं की नगराची मांडणी उलगडत जाते. लांबून एका झऱ्याचं पाणी जवळपास ७५० मीटर लांबीच्या दगडी पाटानं आणलंय, ते एकाखाली एक अशा १६ कुंड्यांमधून उतरतं. पाटाला किती उतार द्यायचा हे आधी ठरलं, राजवाड्याची जागा त्यानुसार ठरली, असं अभ्यासकांचं म्हणणं आहे. म्हणजे आधी पाणी, मग वाडा. बसमधून उतरणाऱ्याला फक्त वाडा दिसतो.

आता धारूरकडे येऊ. १५६७ च्या सुमारास विजापूरच्या अली आदिलशहाचा सरदार किश्वर खान यानं हा किल्ला उभारला. दोनच वर्षांत अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहानं चढाई केली. किश्वर खान बाण लागून पडला, किल्ला निजामशाहीत गेला आणि त्याचं नाव फतेहाबाद झालं. पुढं १६३१ मध्ये तो मुघलांनी घेतला. जाता जाता एक जोड लक्षात ठेवा: इंकांचं शेवटचं ठाणं विल्काबांबा स्पॅनिश फौजेनं घेतलं ते १५७२ मध्ये. म्हणजे दोन्हीकडचा काळ एकच.

मग प्रश्न असा, की याच जागेसाठी एवढी मारामारी का? जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांपुढं आणा. उत्तरेला गोदावरी, तिच्या काठची सपाट गंगथडी. मधून पूर्व-पश्चिम गेलेली बालाघाटाची रांग. दक्षिणेला पठार. रांगेच्या उत्तर उतारावरचं पाणी सिंदफणेतून गोदावरीला मिळतं. दक्षिणेचं मांजरेत जातं आणि मोठा वळसा घेऊन शेवटी गोदावरीतच येतं. या दोन प्रदेशांमध्ये ये-जा करायची तर घाट चढावाच लागतो. धारूर त्या घाटाच्या माथ्यावर आहे. निजामशाही उत्तरेला, आदिलशाही दक्षिणेला. ज्याच्या हाती माथा, त्याच्या हाती वाट.

आज आपली गाडी थेट गावात येते. किल्ला गावाला लागूनच. समोर खंदक, त्यामागं तट, मग दरवाजा. फोटो काढायचे आणि परत फिरायचं. असा पाहिला तर हा भुईकोटच वाटतो. आम्हीही पहिल्यांदा तसाच पाहिला होता. पुन्हा गेलो ते दरीच्या बाजूनं, आणि मग आपली चूक कळली. किल्ल्याच्या तीन बाजूंना खोल दरी आहे. निसर्गानं फक्त एक बाजू उघडी ठेवली, तिथंच माणसानं खंदक खोदला. खालून चढताना छाती भरून येते, तेव्हा हे कुणी सांगावं लागत नाही.

चालताना पाण्याकडंही बघा. बालाघाट म्हणजे लाव्हाच्या थरांचा डोंगर. कठीण काळा दगड, त्याखाली मऊ, सच्छिद्र थर, पुन्हा कठीण. मुरलेलं पाणी खालच्या कठीण थरावर अडतं आणि उताराला झरा होऊन बाहेर येतं. माथ्यावर मात्र पावसाचंच पाणी साठवावं लागतं, म्हणून किल्ल्यात तलाव. पर्जन्यछायेतल्या मुलखात शिबंदी किती दिवस तग धरील, हे त्या पाण्यावर ठरायचं. बीड शहराजवळची खजाना विहीरही निजामशाहीतलीच. तिचं पाणी जमिनीखालच्या पाटानं, निव्वळ उतारावर शेतापर्यंत जातं. मोट लागत नाही. पाण्याची ही जाण इथं होती.

आता शेवटचा मुद्दा, आणि आमच्या दृष्टीनं सर्वांत महत्त्वाचा. कुठली वाट पावसात सुटते, कुठला झरा कधी आटतो, हे पुस्तकात नाही. ते गुरं राखणाऱ्याला, वस्तीवरच्या आजीला माहीत असतं. चालायला चांगले दिवस दिवाळीपासून फाल्गुनापर्यंत. पण नेमकी त्याच दिवसांत या भागातली माणसं घरी नसतात. दसरा झाला की मुकादमाची उचल फेडायला कोयता निघतो, नवरा-बायको ऊसतोडीला जातात आणि पाडव्याच्या आसपास परततात. वाट जाणणारा माणूस दर वर्षी गाव सोडतो. एखाद्या वर्षी तो परतलाच नाही, तर वाटही त्याच्याबरोबर गेली.

पेरूमध्ये इंका वाटेवर दिवसाला हमालांसकट ५०० माणसांनाच सोडतात, फेब्रुवारीत वाट बंद ठेवतात आणि हमालाच्या पाठीवर २० किलोंहून जास्त ओझं द्यायला कायद्यानं बंदी आहे. ओझं वाहणाऱ्याचा विचार तिथंही उशिराच झाला, पण झाला.

आपल्याकडं वाटाड्याला निदान दिवसाची मजुरी ठरवून द्या, फुकट राबवू नका. पाणी प्रत्येकी तीन-चार लिटर घ्या. आग्या मोहोळ दिसलं तर धूर, अत्तर, आरडाओरडा टाळा. ढासळत्या तटावर चढू नका. गुप्तधनाच्या नादानं कुणी खणताना दिसलं तर पोलिसांना कळवा. तिथं सोनं निघत नाही, पाया मात्र निघतो.

आणि परतल्यावर ऐकलेलं लिहून ठेवा: वाटेचं नाव, झऱ्याची जागा, तो कोणत्या महिन्यात आटतो. चार ओळी पुरतात.