परवाना मिळाला, पण काम कोणते?

सीरियातील युद्धामुळे जॉर्डनमध्ये आलेल्या निर्वासितांना कामाचे परवाने देण्याचे तिथल्या सरकारने २०१६ साली ठरविले. त्याच वर्षी युरोपने जाहीर केले की, ज्या कारखान्यात किमान १५ टक्के कामगार सीरियन निर्वासित असतील त्याच्या मालाला जकातीत सवलत मिळेल. तयार कपडे हा जॉर्डनच्या निर्यातीतला मोठा माल. तेव्हा रोजगाराचा प्रश्न सुटला, असे कोणीही म्हणेल. पण या निर्वासितांत युद्धात हात-पाय गमावलेले, डोळे किंवा कान गेलेले आणि जन्मापासून अपंग असलेले लोक पुष्कळ होते. त्यांना या परवान्याचा उपयोग किती?

खरी अडचण व्यवसायांच्या यादीत होती. वैद्यकी, इंजिनियरी, शिक्षकी, कारकुनी, हिशेबाचे काम, दुकानातील विक्री हे व्यवसाय परदेशी माणसाला बंदच राहिले. खुली राहिली ती मुख्यतः शेती, बांधकाम आणि कारखान्यातील कामे. धडधाकट माणूस शेतात राबेल, विटा वाहील. ज्याचा पाय गेला त्याला बसून करण्याचे काम हवे, आणि तशी बहुतेक कामे नेमकी बंद यादीत! आपल्या गावी वहीखाते सांभाळणारा माणूस पाय गेला तरी मुनीमच असतो. जॉर्डनमध्ये मात्र त्याचा हा हुनर परवान्याच्या कागदावर चढू शकत नव्हता.

राहिला शिवणकामाचा कारखाना. जॉर्डनच्या २०१७ च्या कायद्याने अपंगत्वाचे कारण सांगून काम नाकारण्यास मनाई केली आणि ५० हून अधिक कामगार असलेल्या मालकाला ४ टक्क्यांपर्यंत जागा अपंगांना देण्याचे बंधन घातले. कायदा चांगला आहे; पण जागा राखून ठेवल्याने मशीनचे पायडल बदलत नाही. आम्हा धंदेवाल्यांना हे ठाऊक आहे की, कारखान्यातील मशीन पायाने चालते आणि दाब उचलण्यासाठी बहुधा गुडघ्याचा दांडा असतो. एक पाय शाबूत असेल तर पायडल त्या बाजूला सरकवता येते आणि दाब हातानेही उचलता येतो. बहिऱ्या कारागिराला तर मशीनमध्ये काहीच बदल लागत नाही. सुपरवायझरने चार खुणा शिकल्या म्हणजे झाले. धागे कापणे, बटण लावणे, चेकिंग ही कामे बसून होतात. खर्च थोडा आहे, मालकाची तयारी त्याहून थोडी. शिवाय कारखाने वस्तीपासून लांब. बसच्या पायऱ्या चढता येत नसतील तर पुढचे सारे व्यर्थ.

म्हणून २०१८ च्या नोव्हेंबरमधील निर्णय आम्हाला जास्त कामाचा वाटतो. त्याने सीरियन निर्वासितांना शिवणकाम, हस्तकला आणि खाद्यपदार्थ यांचा घरगुती धंदा नोंदविण्याची मुभा दिली. घरी बस लागत नाही, मशीन आपल्या सोयीचे बसविता येते, दुखले तर तासभर आडवे होता येते. पण घरी बसलेल्या कारागिराला बाजारभाव कळत नाही आणि दलाल नगाचा दर पाडतो. कापड दारात पोचविणारा, तयार माल दारातूनच उचलणारा आणि दर आधी कागदावर लिहून देणारा व्यापारी मिळाला, तरच ती नोंदणी पोटाला लागते.